अतिनील किरणांचे हवाशुद्धक यंत्र: काय करते, काय करत नाही

बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबे हवाशुद्धक यंत्र दोन निरनिराळ्या कारणांसाठी घेतात. एक म्हणजे बांधकामांची आणि रस्त्यावरची धूळ, दुसरे म्हणजे घरातील आजारी माणसाचा खोकला. 'यूव्ही' लिहिलेले यंत्र पहिल्या कारणासाठी घेतले, तर पैसे वाया जातात.

यंत्र कसे काम करते?

अतिनील किरणांना मराठी विश्वकोशात 'जंबुपार' असा शब्द आहे. तो अधिक नेमका आहे, पण खोक्यावर 'यूव्ही-सी' असेच छापलेले असते. २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण. यंत्रांत बहुधा पाऱ्याचा कमी दाबाचा दिवा असतो आणि त्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. ते जंतूच्या डीएनए किंवा आरएनएमधील शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटवतात, त्यामुळे जंतूला स्वतःची प्रत काढता येत नाही. तो हवेतच राहतो, पण आजार पसरवू शकत नाही.

मात्र यासाठी किरणांची पुरेशी मात्रा मिळावी लागते. मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. लहान यंत्रातून हवा क्षणार्धात पुढे जाते. पंखा वेगाने फिरवला तर हवा जास्त जाते, पण प्रत्येक जंतूला प्रकाश कमी मिळतो. म्हणून खोलीच्या आकाराला पुरेल असा दिवा आणि हवेचा प्रवाह आहे का, हे विचारून घ्यावे. नुसती '९९ टक्के जंतुनाश' ही ओळ पुरेशी नाही. ती चाचणी केवढ्या खोलीत आणि किती वेळ केली, हे महत्त्वाचे.

धूळ, धूर आणि वास या किरणांनी जात नाहीत. धुळीसाठी हेपा गाळणी लागते, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. जंतूही कणांवर बसूनच फिरतात, त्यामुळे चांगली गाळणी त्यांनाही पकडते. घरासाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर गाळणीचे यंत्र घेणे शहाणपणाचे.

मग यूव्ही कुठे उपयोगी?

जिथे बरीच माणसे एकाच हवेत बसतात तिथे. चंदीगडच्या सीएसआयआर-सीएसआयओ या संस्थेने वातानुकूलनाच्या नळीत बसवायची यूव्ही-सी यंत्रणा विकसित केली. २०२१ मध्ये ती संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात आणि लोकसभेच्या दालनात बसवण्यात आली. क्षयरोगाचा धोका असलेल्या रुग्णालयांत दिवे भिंतीवर डोक्याच्या वर लावतात. किरण छताजवळच राहतात आणि पंखा खालची हवा वर नेतो.

घरात क्षयरोगाचा रुग्ण असल्यास

यंत्र हा उपचार नाही. औषधे नियमित सुरू झाली की संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने घटतो. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्यात. व्हाइटफील्डच्या हवामानात वर्षातील बहुतेक दिवस ते शक्य असते. रुग्णाने मास्क वापरावा. घरातील इतरांची तपासणी करून घ्यावी आणि प्रतिबंधक औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

तपासणी व औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००). नोंद महाराष्ट्रात झाली असेल आणि नोकरीमुळे बंगळूरला यावे लागले, तर उपचार मध्येच सोडू नका. निक्षय पोर्टलवरील नोंद इकडच्या केंद्राकडे वर्ग करून घ्या. मदतीसाठी १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. यंत्र विकत घेण्यासाठी मात्र या योजनेत रक्कम नाही.

वापरताना

दिवा थेट दिसत असेल, तर ते यंत्र घेऊ नका. यूव्ही-सीने डोळे व त्वचा भाजते आणि त्रास काही तासांनी जाणवतो, म्हणून चूक लगेच कळत नाही. १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडणारे दिवे ओझोन तयार करतात. दम्याच्या रुग्णाला तो घातक. पाऱ्याचे दिवे साधारण ९,००० तास, म्हणजे सतत चालवल्यास वर्षभर पुरतात. निळसर उजेड दिसत राहिला तरी जंतुनाशक शक्ती कमी होत जाते, आणि काचेवर धूळ बसली तर आणखीच. जुना दिवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. त्यात पारा असतो, तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.