नवी कोल्हापुरी चावली की फोडात पाणीच का येतं, रक्त का नाही?

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि मग चप्पल लाईनमध्ये शिरतो. घासाघीस करून घेतलेली कोल्हापुरी तो तिथंच पायात घालतो आणि ऐटीत रंकाळ्याकडे निघतो. अर्ध्या वाटेत अंगठ्याजवळ चुरचुरायला लागतं. रात्री बघावं तर टपोरा फोड. आत पाणी भरलेलं, पण रक्ताचा थेंब नाही.

असं का होतं? याचं उत्तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या 'ऊती' या शब्दात आहे. परीक्षेनंतर बहुतेक जण तो विसरतात, पण मधुमेह असलेल्यांनी तरी तो विसरू नये.

ऊती म्हणजे काय?

एकाच प्रकारचं काम करणाऱ्या पेशींचा गट म्हणजे ऊती, अर्थात टिश्यू. माणसाच्या शरीरात ऊतींचे चार मुख्य प्रकार आहेत.

अभिस्तर ऊती शरीराला आतून-बाहेरून अस्तर लावते. संयोजी ऊती जोडते आणि आधार देते. हाड, कूर्चा, चरबी आणि रक्तसुद्धा याच प्रकारात येतं. स्नायू ऊती हालचाल घडवते. चेता ऊती निरोप पोहोचवते.

खासबाग मैदानात पैलवान डाव टाकतो तेव्हा चारही एकदम कामाला लागतात. डाव ओळखते चेता ऊती, ताकद लावते स्नायू ऊती, सांधे धरून ठेवते संयोजी ऊती आणि लाल मातीत घासून निघते ती अभिस्तर ऊती.

चपलेत कातडीचा कोणता भाग असतो?

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरचा पातळ थर अभिस्तर ऊतीचा, त्याखालचा जाड थर संयोजी ऊतीचा. म्हशीच्या कातडीची रचनाही अशीच असते.

कातडं कमावताना ते आधी चुन्याच्या पाण्यात ठेवतात. त्यामुळे केस आणि वरचा अभिस्तर सैल होऊन निघून येतो. आतल्या बाजूचं मांस आणि चरबी खरवडून काढतात. उरतो तो मधला थर, कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांनी विणलेला. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. त्यातलं टॅनिन कोलॅजनला घट्ट बांधतं आणि कातडं कुजत नाही.

२०१९ साली जीआय मानांकन मिळालेली आणि २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमुळे जगभर गाजलेली कोल्हापुरी चप्पल म्हणजे मुख्यतः संयोजी ऊती. ती आपल्या पायाच्या नाजूक अभिस्तर ऊतीवर घासते आणि चावते.

मग फोडात पाणीच का?

कारण अभिस्तर ऊतीत रक्तवाहिन्याच नसतात. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, मध्ये फारशी जागा नसते. त्यांना पोषण मिळतं ते खालच्या संयोजी ऊतीतून झिरपून.

चपलेचा पट्टा घासत राहिला की या पेशींचे थर एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत खालून रक्तद्रव झिरपतो, पण लाल पेशी वर येत नाहीत. म्हणून पाणी दिसतं. कातडी जोरात चिमटली आणि खालच्या रक्तवाहिन्या फुटल्या, तरच फोड लाल होतो.

हेच घासणं हळूहळू, महिनोन्‌महिने होत राहिलं तर त्वचा जादा थर तयार करते. त्यालाच आपण घट्टा म्हणतो.

अभिस्तर ऊतीचे प्रकार किती?

जसं काम, तसा पेशींचा आकार.

पट्टकी: फरशीसारख्या चपट्या पेशींचा एकच थर. फुप्फुसातल्या वायुकोशांत असतो. इतका पातळ, की ऑक्सिजन सहज आरपार जातो.

स्तरित पट्टकी: चपट्या पेशींचे एकावर एक थर. त्वचा, तोंड आणि अन्ननलिकेत, म्हणजे जिथं झीज जास्त तिथं.

घनाभरूप: चौकोनी ठोकळ्यांसारख्या पेशी. मूत्रपिंडाच्या नलिकांत आणि लाळग्रंथींच्या वाहिन्यांत.

स्तंभीय: उंच खांबांसारख्या पेशी. आतड्यात अन्नरस शोषून घेतात.

रोमक: पेशींवर बारीक केसांसारखे रोमक असतात. श्वासनलिकेत ते धूळ आणि कफ वर ढकलतात.

ग्रंथीय: घाम, तेल, श्लेष्म असे स्राव तयार करतात.

ही ऊती सतत नवी होत असते. आतड्याचं अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत बदलतं, त्वचेचा वरचा थर महिन्याभरात. म्हणूनच चपलेचा फोड काही दिवसांत मागमूस न ठेवता बरा होतो. पण पेशी सतत विभागत राहण्याची दुसरी बाजूही आहे. माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी बहुसंख्य याच ऊतीत सुरू होतात. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोगही त्यातलाच.

मधुमेहात हाच फोड धोक्याचा का?

अभिस्तर ऊती म्हणजे शरीराची वेस. ती शाबूत असेल तर जंतू बाहेरच राहतात. पायाला जखम असताना पुराच्या किंवा शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरलं, तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू याच वाटेनं आत शिरू शकतात.

मधुमेहात प्रश्न आणखी वाढतो. रक्तातली साखर बरीच वर्षं जास्त राहिली तर पायातली चेता ऊती बिघडते आणि चप्पल चावतेय हेच कळत नाही. रक्तपुरवठा कमी झालेला असतो, त्यामुळे नवा थर लवकर येत नाही. फोड फुटतो, जखम चिघळते, संसर्ग आत हाडापर्यंत जातो. अनेकांना बोट किंवा पाय गमवावा लागतो, त्याची सुरुवात अशाच एखाद्या छोट्या फोडापासून झालेली असते.

मग काय करायचं?

फोड सुईनं फोडू नका. वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी असते. जागा स्वच्छ ठेवा, कोरडी पट्टी लावा आणि फोड बरा होईपर्यंत ती चप्पल बाजूला ठेवा. नवी कोल्हापुरी पहिल्या दिवशी थोडा वेळच घाला. चामडं मऊ व्हावं म्हणून तिला तेल लावायची जुनी पद्धत आहेच.

मधुमेह असेल तर अंगठ्याची नवी चप्पल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. घट्टा ब्लेडनं कापू नका. फोड, लाली, पू किंवा काळपट डाग दिसला तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरात आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर आज रात्री त्यांचे पाय तुम्हीच एकदा बघा.