मस्तानीशी ओळख होताना

ना. सं. इनामदार यांची 'राऊ' ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. थोरला बाजीराव आणि मस्तानी यांची ही प्रेमकथा. आम्ही उर्दूतून शिकलेली मंडळी तिच्याकडे उशिरा वळलो आणि वळलो तेही जरा सावधपणे. मराठी ऐतिहासिक कादंबरीतले मुसलमान पात्र बहुधा शत्रूच्या छावणीत असते, नाहीतर त्याच्या पायात घुंगरू असतात. मस्तानीचीही पहिली ओळख नाचगाण्यातूनच होते. मग जीव लगेच कसा जडावा?

अब्दुल हलीम शरर यांच्या 'मलिकुल अझीझ वर्जिना' (१८८८) मधला नायक पहिल्या काही पानांतच मनात भरतो. मिर्झा हादी रुस्वा यांची उमराव जान (१८९९) मात्र वाचकाला वेळ घ्यायला लावते. ती तवायफ म्हणून भेटते, पण आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगते आणि हळूहळू आदर मिळवते.

मस्तानीला ही सोय नव्हती. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात संपादित केले. त्यांतल्या पत्रांत मस्तानी आहे, पण ती इतरांच्या लेखणीतून. तिचे काय करायचे, हा घरच्यांचा प्रश्न तिथे दिसतो. तिला स्वतःला काय वाटत होते, ते सांगण्याचे काम कादंबरीकारावर येऊन पडते. बुंदेलखंडातली परंपरा तिला छत्रसालाची कन्या मानते. १७२९ मध्ये बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने छत्रसालाला सोडवले, त्यानंतर ती पुण्याला आली. बखरकारांनी मात्र तिला कलावंतीण ठरवून टाकले. बादशहाच्या घरातली असती, तर लेखणी थोडी सांभाळून चालली असती!

आमचे मन खरे वळले ते शमशेर बहादूरपाशी. त्याचा जन्म १७३४ चा. बाजीरावाला त्याची मुंज करायची होती, पण ब्रह्मवृंदाने ती होऊ दिली नाही, असे सांगितले जाते. मूल कोणाचे, यावर मोठ्या माणसांचा वाद आणि मूल अंगणात खेळते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आले की पेशवाई लांबची राहत नाही. आमच्या मोहल्ल्यातही अशी घरे आहेत.

चिमाजीआप्पाचा राग येतो. १७३९ मध्ये वसई घेणारा हा शूर पुरुष घरात मात्र भावाच्या सुखाच्या आड उभा राहतो. पण २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेला आणि त्याच डिसेंबरात चिमाजीही गेला. हे कळल्यावर त्या रागाचे काय करावे, सुचत नाही. काशीबाईंशी सूर जुळायला आम्हांला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रेमकथेत पहिल्या बायकोकडे कोण बघतो! मस्तानी गेल्यावर सहा वर्षांच्या शमशेरला काशीबाईंनी सांभाळले, असे इतिहासकार सांगतात. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांच्या वाट्याची पाने पुन्हा उलटून वाचावीशी वाटतात.

पुण्याने मस्तानीला आपल्या परीने जागा दिली आहे. शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा आहे. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात नव्याने उभे केले आहेत, आणि ते संग्रहालय आहे बाजीराव रस्त्यालगत. घट्ट दुधात आइस्क्रीम घातलेल्या पेयालाही तिचेच नाव. २०१५ च्या हिंदी चित्रपटानंतर तर तिचे नाव घरोघरी गेले. पाबळला तिची कबर आहे. तिला कोणी समाधी म्हणतात, कोणी मजार.

शमशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. जखमी अवस्थेत तो डीगपर्यंत पोहोचला आणि तिथेच वारला. वय सत्तावीसच्या आसपास. त्याचा मुलगा अलीबहादूर बांद्याचा नवाब झाला आणि त्याच घराण्यातला दुसरा अलीबहादूर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला.