पडद्यावरील जाहिरात : लातूर-नांदेड
दूरदर्शनवर १९७६ साली व्यावसायिक जाहिराती सुरू झाल्या. पुढे केबल पसरल्यावर लातूर-नांदेडमध्ये चालू चित्रपटाच्या तळाशी शिकवणी वर्ग, सराफ, कापड दुकाने यांच्या मजकुराची सरकती पट्टी धावू लागली, आणि ऐन सामन्यात धावफलक झाकणाऱ्या त्या पट्टीने प्रेक्षक वैतागला, तरी जाहिरातदार निदान त्याच्याच बाजारपेठेतला होता. केबल नियमांनी तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातली, ती कार्यक्रमांपुरतीच. स्मार्ट टीव्हीत, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या संचात, जाहिरात संच लावताच मुख्य पडद्यावर येते, शिवाय काही संच चालू दृश्य ओळखून पाहणाऱ्याची आवडही टिपतात. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबाबत हे अन्यायकारकच आहे. दाद मागण्यासाठी दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत.