१७. ‘आर्चबिशपांचा फुटबॉल क्लब’

ग्लासगोचा सेल्टिक क्लब. आर्चबिशप म्हणजे चार्ल्स आयर. ते क्लबाचे मालक वा चालक नव्हते, आश्रयदाते होते. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी शहराच्या पूर्व भागातील सेंट मेरी चर्चच्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड (मूळ नाव अँड्र्यू केरिन्स, १८४०–१९१५) या मॅरिस्ट धर्मबंधूंच्या पुढाकाराने क्लब निघाला, तोच मुळी उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या गरीब, बहुतांशी आयरिश मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करायला. पेनीला जेवण, पाव घरून आणला तर अर्ध्या पेनीत मोठा वाडगाभर सूप. जानेवारी १८८८च्या वर्गणीच्या आवाहनपत्रावर आश्रयदाते म्हणून आर्चबिशपांसह तीन मिशनांचे धर्मगुरू आणि परिसरातील प्रतिष्ठित कॅथलिक यांचा उल्लेख आहे. वजन त्यांच्या नावाचे. धावपळ मात्र जॉन ग्लाससारख्या कार्यकर्त्यांची. १८९२मध्ये वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली, १८९७मध्ये क्लबाची मर्यादित कंपनी झाली आणि मुलांच्या ताटाऐवजी लाभांशाचे हिशेब सुरू झाले. आजचे सेल्टिक एफसी फाउंडेशन ही वेगळी नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. पुढच्या परिच्छेदातले ‘विश्वस्त’ तिचे, क्लबाच्या कंपनीचे नव्हेत. (संपा.)