हेगच्या न्यायालयात 'सरंजाम'

दमणहून दादरा किंवा नगर हवेलीला जायचे, तर मधला भारतीय प्रदेश ओलांडणे अपरिहार्य होते. जुलै १९५४ मध्ये भारताने पोर्तुगिजांची ही वाट रोखली. त्यासाठी भिंत लागली नाही की तारेचे कुंपण. परवाने नाकारणे पुरेसे ठरले. २१-२२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली मुक्त झाली. या मोहिमेतील सुधीर फडके यांचा सहभाग महाराष्ट्राला ठाऊक आहे. हेगमधल्या लढ्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा दाखल केला. ही घाई बोलकी आहे.

दाव्याचा पाया होता १७७९ चा मराठा-पोर्तुगीज तह. सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. दमण परगण्यातील गावांचे १२,००० रुपयांचे उत्पन्न पोर्तुगिजांना देण्याचे या तहात ठरले. १७८३ आणि १७८५ मध्ये त्याच्या सनदा निघाल्या. पोर्तुगालच्या मते गावांबरोबर सार्वभौमत्वही मिळाले. भारताचे म्हणणे, हा फक्त महसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर वा सरंजाम.

पेशवाईच्या दप्तरातला शब्द अशा रीतीने हेगच्या न्यायाधीशांपुढे अर्थासाठी उभा राहिला. या प्रश्नावर न्यायालयाने भारताचे म्हणणे उचलून धरले. मराठ्यांना प्रदेश कायमचा द्यायचा असे, तेव्हा ते तसे स्पष्ट लिहीत. इथे तशी भाषा नव्हती. शिवाय गावांतील बंड मोडण्याची मुभा पोर्तुगिजांना तहाने दिली होती. स्वतःच्याच मुलखात बंड मोडायला कोणी दुसऱ्याची परवानगी घेतो का?

पण खटला इथे संपला नाही. पेशवाईनंतर इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केली होती आणि सव्वाशे वर्षे नागरिक, अधिकारी व माल यांची ये-जा निर्वेध चालली होती. या दीर्घ प्रथेतून हक्क निर्माण होतो, असे १२ एप्रिल १९६० च्या निकालाने ११ विरुद्ध ४ मतांनी मानले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो हक्क नव्हता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही सैन्यासाठी पूर्वपरवानगीची अट होती. हा भाग अवघ्या एका मताने, ८ विरुद्ध ७, ठरला.

उरला मुख्य प्रश्न: १९५४ ची बंदी बेकायदा होती का? न्यायालय म्हणाले, नाही (९ विरुद्ध ६). हक्क असला तरी नियमनाचा अधिकार भारताचाच, आणि दादऱ्यातील सत्तापालटाने निर्माण झालेल्या तणावात वाट रोखणे त्या अधिकारात बसत होते. कायद्याच्या दृष्टीने पोर्तुगालला हक्क मिळाला, उपयोग मात्र शून्य.

निकाल लागेपर्यंत तिथला कारभार स्थानिक 'वरिष्ठ पंचायती'कडे होता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतात विलीन झाला. गोवा मुक्त व्हायला अजून चार महिने होते.