‘मिसेस डॅलोवे’ : वेड, आत्महत्या आणि कायदा

व्हर्जिनिया वूल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’ (1925) या कादंबरीतील सेप्टिमस वॉरन स्मिथच्या वेडाचा विचार बहुधा लेखिकेच्या चरित्राच्या अंगाने होतो. वूल्फचे 1904 व 1913 मधील मनोविकाराचे झटके, सर जॉर्ज सॅव्हेज यांचे उपचार, 1941 मधील तिची आत्महत्या या क्रमाने सेप्टिमसचा अन्वयार्थ लावला जातो. हे वाचन चुकीचे नव्हे. मात्र त्यात कादंबरीतील एक तपशील निसटतो. सेप्टिमसने जीव देण्याची भाषा केली असल्याने आता हा कायद्याचा प्रश्न झाला आहे, असे सर विल्यम ब्रॅडशॉ त्याच्या पत्नीला, रेझियाला, सांगतात.

इंग्लंडमध्ये आत्महत्या 1961 पर्यंत गुन्हा होती. मृत्यू आत्महत्येनेच झाला असे ठरले, की कॉरोनरपुढे दोनच निष्कर्ष उरत : मृत व्यक्ती गुन्हेगार होती, किंवा त्या क्षणी तिचे चित्त ठिकाणावर नव्हते. ज्यूरीचा कल दयाबुद्धीने दुसऱ्या निष्कर्षाकडे असे. माणूस शहाणाही आहे आणि निरपराधही, ही शक्यता या भाषेत बसतच नव्हती. ‘सामान्य’पणाची व्याख्या अशी रुग्णालयाआधी न्यायालयात झालेली होती. (हाच दृष्टिकोन 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 309 मध्ये उतरला आणि दीर्घकाळ टिकला.)

युद्धाने ही चौकट अडचणीत आणली. ‘शेल-शॉक’च्या चौकशीसाठी 1920 मध्ये नेमलेल्या लॉर्ड साउथबरो समितीने 1922 च्या अहवालात ती संज्ञाच टाकून द्यावी असे सुचविले. कादंबरीतील दिवस जून 1923 मधला आहे. रात्रीच्या मेजवानीत ब्रॅडशॉ रिचर्ड डॅलोवेशी एका विधेयकाविषयी बोलतात. युद्धाघाताच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांसाठी त्यात तरतूद हवी, असे त्यांचे म्हणणे असते. दुपारपर्यंत जिवंत असलेला तरुण रात्री विधेयकातले एक कलम होऊ घातलेला असतो! सेप्टिमसच्या मृत्यूक्षणी डॉ. होम्स त्याला भित्रा म्हणतात, तो शब्दही लष्करी न्यायालयांच्या परिभाषेतला आहे. पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात गोळ्या घातलेल्या 306 ब्रिटिश व वसाहतींतील सैनिकांना माफी मिळाली ती 2006 मध्ये.

ब्रॅडशॉंचे दैवत ‘प्रमाणबद्धता’ हे आहे. तिची मोजणी शब्दशः वजनकाट्यावर होते : साडेसात स्टोनांचा रुग्ण विश्रांतिगृहातून बारा स्टोनांचा होऊन बाहेर पडतो. तिच्या भगिनीचे, म्हणजे इतरांना आपल्या मतात ओढणाऱ्या वृत्तीचे, कार्य भारतात आणि आफ्रिकेतही चालते, असे निवेदक उपरोधाने नोंदवितो. वेडाचे नियमन आणि साम्राज्याचे नियमन येथे एकाच कुळातले ठरते.

मूळ आराखड्यात सेप्टिमस नव्हता, मृत्यू क्लॅरिसाचा व्हायचा होता, हे वूल्फने 1928 च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. म्हणूनच क्लॅरिसा या मृत्यूला वेड किंवा गुन्हा न मानता आव्हान मानते, या प्रसंगाला समीक्षेत निर्णायक स्थान मिळाले. ते थोडे जास्तच मिळाले. क्लॅरिसाची सहानुभूती एकांतातली आहे. तिला पाहुण्यांत परतायचे असते, आणि मृताला तिने कधी पाहिलेलेही नसते. त्याला पाहिले होते रेझियाने. अखेरच्या तासात तो तिच्याबरोबर टोपी सजवीत होता, थट्टा करीत होता, पूर्वीसारखा हसत होता. त्याच्या शहाणपणाची ती एकमेव साक्षीदार. होम्स तिला गुंगीचे औषध पाजून झोपवितात.