मोठे डॉक्टर कधी येणार?

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. कोल्हापुरात तिची इंटर्नशिप सुरू होऊन जेमतेम आठवडा झालाय. "आत्या, मला इथे कुणी डॉक्टर समजतच नाही गं. दिवसभर सिस्टर, सिस्टर. आणि एका आजोबांनी तर पंखा दुरुस्त करायला सांगितला." मला हसू आवरलं नाही. तिने फोन ठेवला. म्हणून हे लिहायला बसले. तिने वाचावं म्हणून. बाकीच्या मंडळींनी वाचलं तरी चालेल.

मीही कोल्हापुरातच इंटर्न होते. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, नातेवाईकांना माहीत आहेच! इंटर्न म्हणजे काय, तर डिग्रीची परीक्षा पास झालेला हमाल. रक्त काढा, बाटली घेऊन रक्तपेढीत पळा, एक्स-रे शोधा, फॉर्म भरा. ॲप्रनच्या एका खिशात टॉर्च आणि दुसऱ्यात पार्ले-जी. पेशंटचे प्रश्न ठरलेले. "ए पोरी, डाक्टर कवा येनार?" "मीच डॉक्टर आहे, आजी." "बरं बरं. पन मोठं डाक्टर कवा येनार?"

यातल्याच एका आजीने एकदा कमाल केली. मी तिची नाडी बघत होते. तिने माझाच हात धरला, उलटा केला, आणि नखांकडे बघून म्हणाली, "पांढरीफटक हाईत की. जेवतीस का न्हाई?" शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली. मी डॉक्टरी रुबाबात विषय बदलला. पण मनात खुटखुट राहिली म्हणून गुपचूप रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नऊ! पाच वर्षं शिकून जे मला कळलं नाही, ते आजीने चष्म्याशिवाय ओळखलं. पुढे ती घरी जाईपर्यंत रोज माझ्यासाठी अर्धी भाकरी आणि ठेचा ठेवायची.

आणखी एक कोल्हापुरी गंमत. आमच्याकडे सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जुनी माणसं त्याला थोरला दवाखाना म्हणतात. एका खेड्यात आम्ही बाहुलीवर छाती दाबून दाखवत होतो. सर म्हणाले, "माणूस कोसळला, श्वास थांबला, तर एक मिनिटही न घालवता सीपीआर सुरू करायचा." मागून एक आजोबा उठले. "सायेब, हितनं सीपीआर चाळीस किलोमीटर हाय. मिनिटात कसं पोचायचं?" त्या दिवशी आमच्या शिबिराचा श्वास थांबला.

तर हा थोरला दवाखाना. १८८० च्या दशकात तो उभा राहिला तेव्हा त्याचं नाव होतं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, इंग्लंडच्या युवराजाच्या नावावरून. आणि याच दवाखान्यात स्त्रियांच्या वॉर्डची डॉक्टर म्हणून १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने जिची नेमणूक केली, तिचं नाव डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई आपण सगळे शाळेपासून वाचतो. नऊवारीतला तो गंभीर फोटो, पहिली भारतीय महिला डॉक्टर, वगैरे. पण तिच्या गोष्टीत कोल्हापूर दोनदा येतं, हे मला इंटर्नशिप संपेपर्यंत ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा येतं ते १८७८ मध्ये. गोपाळराव पोस्टात नोकरीला, तेव्हा कोल्हापुरात. बायको तेरा वर्षांची. तिला शिकवायचंच असा त्यांचा हट्ट. (हट्ट हा फार सौम्य शब्द झाला. त्यांच्या तऱ्हेवाईकपणाबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.) त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला अमेरिकेत पत्र पाठवलं, की बायकोला शिकवण्यासाठी तिकडे यायचंय, मदत करा. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनचं काम करायचे. मदत राहिली बाजूला, त्यांनी धर्माचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. विषय संपला.

पण संपला नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता. समोर मासिकाचा जुना अंक पडलेला. त्यात त्यांनी ते पत्र वाचलं, आणि घरी येऊन कोल्हापूरच्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना पुढे मावशी म्हणायच्या. दवाखान्यात जुनीच मासिकं का ठेवता, असं मला पेशंट नेहमी विचारतात. हे त्याचं उत्तर! डॉक्टरने वेळेवर बोलावलं असतं आणि टेबलावर ताजा अंक असता, तर काय झालं असतं कोण जाणे.

मध्ये बरंच काही घडलं. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झाली. एकवीस पुरी व्हायला वीस दिवस बाकी होते. म्हणजे माझ्या भाचीपेक्षा लहानच. मग काही काळ बोस्टनच्या बायका-मुलांच्या रुग्णालयात काम केलं. म्हणजे आपल्या भाषेत इंटर्नच की! पण क्षयाने तिला धरलं होतं. नोव्हेंबरात ती मुंबईत उतरली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. कोल्हापूरला रुजू झालीच नाही.

मी पुष्कळदा त्या दवाखान्यासमोरून, टाऊन हॉलच्या बाजूने जाते. आणि डोक्यात भलतंच येतं. कीर्ती, इतिहास, आद्य स्त्री वगैरे नाही. वाटतं, ती रुजू झाली असती तर पहिल्याच दिवशी एखादी आजी म्हणाली असती, "ए पोरी, डाक्टर कवा येनार?" ती फिलाडेल्फियाचं सर्टिफिकेट काढून दाखवणार, आणि आजी म्हणणार, "बरं बरं, पन मोठं डाक्टर?" तिला हे कुणी विचारलंच नाही. तिच्या वाट्याला सत्कार आले, राणीचं अभिनंदन आलं, मरणानंतर चरित्रं आली. वॉर्डातली फजिती तेवढी आली नाही. तिची नखं बघून जेवतीस का म्हणणारी बाई त्या वॉर्डात होती नक्की, ही तिच्यापर्यंत पोचली नाही.

पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच रुग्णालयात डॉक्टर म्हणून आल्या. त्यांना सुरुवातीला कुणी काय म्हणून हाक मारली, हे कुठे लिहिलेलं असेल तर मला वाचायचंय.

असो. यातलं अर्धंमुर्धं काल भाचीला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, पंखेवाल्या आजोबांना आज डिस्चार्ज मिळाला. जाताना मला भडंगाची पिशवी देऊन गेले. म्हणाले, सिस्टर, तुमी लई पळता."

"मग? सांगितलंस का डॉक्टर आहे म्हणून?"

"नाही. तोंडात भडंग होता."